धागा : हजेरीचे ३१२० दिवस म्हणजे नेमके किती वर्षं? (मामाचा हिशोब आहे, जाणकारांनी सांगा)

पांदणवाट (दारव्हा)
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहून राहिलो. माझा मामा तालुक्याच्या एका डाळ मिलमधी रोजंदारीवर होता, १ जून २००८ ले लागला अन् मे २०२१ संपता संपता काम सुटलं. आता ग्रॅच्युइटी (काम सुटल्यावर मालकानं द्याची एकरकमी रक्कम) मागाची हाय. मिलच्या दिवाणजीनं एक कागद देला, त्याच्यावर येवढंच लिहेल हाय की एकूण हजेरी ३१२० दिवस, म्हंजे साडेआठ वर्षं. मामा म्हनते मी तेरा वर्षं राबलो, साडेआठ कसे होतीन. पोरानं मोबाईलवर ३१२० भागिले ३६५ केलं तं ८.५४ अन् पुढं काईतरी आलं. बाजूच्या गावचा मुकादम म्हनते २४० नं भागाचं असते, त्यानं बरोबर १३ येते. अन् पुण्याले कंपनीत असलेला भाचा म्हनते महिन्याचे २६ दिवस धरा, मंग १० वर्षं होते. एकाच आकड्याचे तीन तीन उत्तरं येऊन राहिले, कोन्तं खरं अन् काऊन खरं, हे समजून सांगा. अन् ८.५४ म्हंजे आठ वर्षं पाच महिने, का आठ वर्षं चौपन्न दिवस, हे बी सांगजा.

झटपट (मूर्तिजापूर)
३६५ नं भागा, संपला विषय. वर्षात ३६५ दिवस असते हे पयलीतल्या पोराले बी माहीत हाय.

गणितसर (आर्वी)
पांदणवाट भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र झालेत. मामांचा हक्क कितीचा ते कायदा जाणणारं कोणी सांगेल, मी आधी नुसतं गणित सांगतो, कारण त्यातच बरेच जण अडकतात.

दशांश चिन्हानंतरचा आकडा महिनेही नाही आणि दिवसही नाही, तो वर्षाचा तुकडा आहे. ८.५४७९ मधला .५४७९ घ्या, त्याला ३६५ ने गुणा, २०० येतात. म्हणजे ८ वर्षं २०० दिवस. पाच महिने म्हणाल तर दीड महिना कमी होतो, चौपन्न दिवस म्हणाल तर जवळजवळ पाच महिने बुडतात. शाळेत इतकी वर्षं शिकवताना पाहिलं की अडीच वर्षं २.५ असं लिहिलं की निम्मी मुलं दोन वर्षं पाच महिने वाचतात, आणि मोठी माणसंही तसंच वाचतात. फॉर्म भरताना यानं नुकसान होतं म्हणून एवढं लांबवून सांगतो.

आता ३६५ चं. दर चार वर्षांनी फेब्रुवारी २९ चा येतो, म्हणून सरासरी वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरायचं. कॅल्क्युलेटर नको असेल तर सोपी रीत आहे, चार वर्षांचे दिवस १४६१ होतात. ३१२० मधून १४६१ दोनदा गेले, ते २९२२, म्हणजे ८ वर्षं. उरले १९८. महिना सरासरी ३०.४४ दिवसांचा, त्यानं भागलं की साडेसहा महिने. म्हणजे ८ वर्षं साडेसहा महिने. नुसत्या ३६५ ने २०० दिवस उरत होते, इथे १९८, फरक दोन दिवसांचा. आकडा मोठा झाला की फरकही वाढतो, १०,००० दिवस ३६५ ने भागले तर २७ वर्षं १४५ दिवस, लीप वर्षं धरली तर २७ वर्षं १३८ दिवस. वयाच्या अटीसाठी तारीख काढताना हा आठवडा महागात पडतो.

झटपट (मूर्तिजापूर)
सर, पन मंग ३६५.२५ बी पक्कं नाईच न? नेटवर ३६५.२४२५ लिहेल दिसते.

गणितसर (आर्वी)
बरोबर पकडलंत. ऋतूंचं वर्ष असतं ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटं ४५ सेकंदांचं. जुनं ज्युलियन कॅलेंडर सरसकट सहा तास धरायचं, म्हणजे दरवर्षी सव्वाअकरा मिनिटं जास्तीची. १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. असं साठत साठत १५८२ पर्यंत दहा दिवसांचा फरक पडला, तेव्हा पोप ग्रेगरीनं ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरायला लावली. इंग्रजांनी हे १७५२ मध्ये मानलं. तेव्हापासून नियम असा की शतकाचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप. २००० लीप होतं, १९०० नव्हतं, २१०० नसेल. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं, एकूण १,४६,०९७ दिवस, त्याची सरासरी ३६५.२४२५. आपले माजी पंतप्रधान मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. त्यांचा तारखेप्रमाणे पहिला वाढदिवस १९०४ मध्ये आला, कारण मधलं १९०० लीप नव्हतं. आपण आज हयात असलेल्या माणसांचे हिशोब करतो, १९०१ ते २०९९ मध्ये दर चार वर्षांचे १४६१ दिवस नक्की असतात, म्हणून ३६५.२५ बिनधास्त वापरा.

पण एक लक्षात ठेवा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख दोन्ही हातात असतील तर भागाकार करूच नका, कॅलेंडरवर मोजा. ५ जुलै ते ५ जुलै एक वर्ष, मध्ये दिवस ३६५ असोत की ३६६. कायद्यातही वर्ष म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, सन १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये तशी व्याख्याच आहे.

अंगणवाडीताई (घाटंजी)
सर, तुमचं तारखेचं खूप पटलं. आमच्याकडे पोषणाच्या कामात पहिले हजार दिवस म्हणतात, नव्या सुना अन् कधी कधी सासवाही विचारतात की हजार दिवस म्हणजे पावणेतीन वर्षं न ताई, बाळ पावणेतीनचं होईपर्यंत? मी सांगते नाही बाई, त्यातले २७० दिवस पोटातले, मग दोन वर्षांचे ३६५ अन् ३६५, असे हजार. म्हणजे बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसाला हजार संपतात. भागाकार बरोबर असून उपयोग नाही, कुठून मोजायला लागलो ते आधी ठरवावं लागते. मामांच्या कागदात तेच तर नाही सांगितलेलं, ३१२० कशाचे दिवस?

उभी_पऱ्हाटी (दिग्रस)
आमच्या इकडं तं वर्षच येगळं हाय राजेहो. सालदार ठेवाचा म्हटलं की पाडवा ते पाडवा. अन् पाडवा काई ३६५ दिवसांनी येत नाई. २०२२ चा पाडवा २ एप्रिलले होता, २०२३ चा २२ मार्चले, म्हंजे ते साल ३५४ दिवसाचं झालं. मंग २०२३ ले अधिक श्रावण आला अन् पुढचा पाडवा गेला ९ एप्रिल २०२४ ले, ते साल झालं ३८४ दिवसाचं. दोघायचे पैसे तेवढेच ठरेल असले तं एकजन महिनाभर फुकट राबते. २०२६ चा पाडवा १९ मार्चले अन् २०२७ चा ७ एप्रिलले हाय, मधात अधिक जेठ, परत ३८४. आमच्या बावानं ही गोष्ट बोली करतानाच सांगून टाकाची रीत पाडेल हाय, धोंड्याच्या महिन्याचा पैसा येगळा, कारन त्या माणसाचं बी घर हाय. ज्यायच्याकडं सालदार हाय त्यायनं कॅलेंडर समोर घेऊनच बोली करा.

गणितसर (आर्वी)
अगदी योग्य केलं तुमच्या वडलांनी. चांद्रमासाचे बारा महिने ३५४ दिवसांचे, म्हणून तिथीचं वर्ष दरसाल अकराएक दिवस मागे सरकतं आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून ते पुन्हा ऋतूंच्या जागी आणतात. १९ वर्षांत असे ७ अधिक महिने येतात आणि हिशोब जुळतो. ९ एप्रिल २००५ ला पाडवा होता, ९ एप्रिल २०२४ लाही होता. मधले दिवस ६९४०. म्हणून एकोणिसाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख बहुतेक एकत्र येतात, घरातल्या पोरांचं पाहा ताडून.

संत्र्याची_बाग (वरुड)
मधातच विचारतो, ४४४ दिवसाची ठेव म्हंजे किती? बँकेतला पोरगा म्हनते सव्वा वर्ष.

गणितसर (आर्वी)
एक वर्ष ७९ दिवस, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर ७८. सव्वा वर्ष म्हणजे ४५६ दिवस होतात. पावतीवर मुदतपूर्तीची तारीख छापलेली असते, तीच धरा, पैशाची गरज त्या तारखेआधी असेल तर अंदाजावर राहू नका.

कोर्टाची_पायरी (अकोला)
आता मामांच्या मूळ मुद्द्यावर येतो. मी कामगार कोर्टाचं काम पाहणाऱ्या वकिलांकडे लिखापढी करतो, अशी कागदं नेहमी हाताखालून जातात, आणि नेमका हाच भागाकार करून माणसाची चार-पाच वर्षं गायब केलेली असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

अंगणवाडी ताईंनी विचारलं तेच महत्त्वाचं. ३१२० हे हजेरीचे दिवस आहेत, मामा ज्या दिवशी कामावर उभे राहिले ते. ३६५ हे कॅलेंडरचे दिवस आहेत, त्यात रविवार, सण, आजारपण, मिल बंद असलेले दिवस सगळं आलं. हजेरीला कॅलेंडरनं भागणं म्हणजे क्विंटलमध्ये मोजलेल्या कापसाला खंडीचा भाव लावणं. दिवाणजीच्या साडेआठ वर्षांचा अर्थ असा होतो की मामांनी एकही रविवार न घेता रोज काम केलं असतं तर साडेआठ वर्षं भरली असती. असं कोणीच काम करत नाही. मिलचे कायम कामगारसुद्धा या मापानं मोजले तर त्यांचीही वर्षं कमी भरतील.

भाच्याचा २६ दिवसांचा हिशोबही इथे लागत नाही. ग्रॅच्युइटीच्या सूत्रात २६ येतो तो महिन्याच्या पगारातून एका दिवसाचा पगार काढायला, नोकरीची वर्षं मोजायला नाही.

आणि २४०. हा आकडा खरा आहे पण मुकादम तो चुकीच्या जागी वापरतो. मामांचं काम सुटलं तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात कलम २अ होतं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), त्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं तर ते वर्ष सलग सेवेचं धरतात. २४० ही त्या त्या वर्षाची अट आहे, एकूण बेरजेला भागायचा आकडा नव्हे. एका वर्षी ३०० दिवस भरले अन् दुसऱ्या वर्षी १८०, बेरीज ४८०, भागिले २४० केलं तर दोन वर्षं दिसतात, पण अटीत एकच बसतं. जास्तीचे ६० पुढच्या वर्षात ढकलता येत नाहीत. म्हणून मला एकूण आकडा नको, १ जून ते ३१ मे असं वर्षवार मस्टर (हजेरीपत्रक) पाहिजे. ते मालकाकडे असतं, मागा.

वणीचा_विकी (वणी)
आमच्याकडं खाणीत जमिनीखाली काम करनाऱ्याले २४० नाई, १९० दिवस भरले तरी वर्ष धरते. माझ्या काकाले हे माहीतच नोतं, सोबत्यानं सांगतलं तवा कागद केला. कोनी खाणीतलं वाचत असन तं ध्यानात ठेवा.

मळलेलं_जिनिंग (पांढरकवडा)
अन् जिनिंगवाल्यायचं काय? आमचं काम दिवाळीनंतर चालू होते अन् उन्हाळ्यात बंद. २४० कसे भरनार?

कोर्टाची_पायरी (अकोला)
हंगामी कारखान्याला वेगळी अट आहे दादा. कारखाना जितके दिवस चालला त्यातले ७५ टक्के दिवस तुम्ही काम केलं असेल तर तो काळ सलग सेवेचा धरतात. जिनिंग १६० दिवस चाललं तर १२० दिवस पुरे. मग ग्रॅच्युइटी दर हंगामाला ७ दिवसांच्या मजुरीइतकी, वर्षभराच्या कामाला १५ दिवसांची असते तशी नाही. तुम्ही हंगामांची यादी करा, वर्षांची नको.

पांदणवाट (दारव्हा)
तीन दिवस मिलमधी चकरा मारून आज मस्टरची वर्षवार नक्कल भेटली. १ जून ते ३१ मे असं लिहून घेतलं. २००८-०९ चे २६२, मंग २७१, २४८, २१४, २५५, २६६, १९८, २५९, २७२, २३८, २५३, २४१ अन् शेवटचं २०२०-२१ चं १४३. बेरीज करून पाहिली, ३१२० च येते. आता सांगा भाऊ.

कोर्टाची_पायरी (अकोला)
शाब्बास, हा कागद जपून ठेवा, झेरॉक्स काढून ठेवा, मूळ प्रत कोणालाच देऊ नका.

२४० च्या वर गेलेली वर्षं मोजा : पहिलं, दुसरं, तिसरं, पाचवं, सहावं, आठवं, नववं, अकरावं, बारावं. नऊ झाली. ही नऊ वर्षं कागदावर आत्ताच पक्की आहेत, म्हणजे दिवाणजीच्या साडेआठच्या वर तर आपण इथेच गेलो. उरली चार, २१४, १९८, २३८ आणि १४३ ची. ती सोडून द्यायची नाहीत, एकेक पाहू.

२३८ चं २०१७-१८. दोनच दिवस कमी आहेत. मामांना २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टची भरपगारी सुट्टी मिळायची का? सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात, औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ब मधल्या अशाच २४० दिवसांबद्दल, सांगून ठेवलंय की ज्या रविवारांचे, सुट्ट्यांचे पैसे मिळाले ते दिवससुद्धा २४० मध्ये धरायचे. मस्टरवर हजेरी नसेल पण पगारपत्रकावर त्या दिवसाचे पैसे दिसले तर वर्ष भरलं.

१९८ चं २०१४-१५. त्या वर्षी काय झालं होतं? कामावर इजा होऊन माणूस घरी राहिला असेल तर ते दिवसही कामाचेच धरतात, कायद्यात तसं लिहिलेलं आहे. २१४ च्या वर्षाचंही विचारा, मिलनं ब्रेक दिला होता का, ले-ऑफ (काम नाही म्हणून मिलनं बसवून ठेवणं) होता का.

पांदणवाट (दारव्हा)
मामाले विचारलं. २०१४ च्या दिवाळीनंतर त्याचा हात पट्ट्यात सापडला होता, दोन महिन्यावर घरी होता, दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद पेटीत हाय, मामीनं काढून देला, तारखा वाचता येते. १५ ऑगस्ट अन् २६ जानेवारीचे पैसे भेटत होते म्हनते, झेंडावंदनाले जा लागे. २०११-१२ ले मात्र मामीच्या आजारपनात तो स्वताच सुट्ट्या घेऊन राहिला, तोंडी सांगून. अन् लॉकडाऊननंतर मिल अर्धीच चालू होती, माणसं आलटून पालटून बोलवत होते, म्हणून १४३.

अंगणवाडीताई (घाटंजी)
देवा, दोन महिने हात बांधून घरी बसलेला माणूस अन् कागदावर ती गैरहजेरी. मामींनी कागद जपून ठेवला हे फार बरं झालं.

कोर्टाची_पायरी (अकोला)
मग ऐका, मागणी अशी लावायची.

पहिली मागणी तेरा वर्षांचीच. ग्रॅच्युइटी कायद्याच्या त्याच कलम २अ मध्ये आधीचा भाग असा आहे की आजारपण, अपघात, रजा, न सांगता घेतलेली सुट्टीसुद्धा, ले-ऑफ, किंवा कामगाराची चूक नसताना बंद पडलेलं काम, यानं सेवा तुटत नाही. गैरहजेरीबद्दल मिलनं सेवाखंडाचा आदेश काढला असेल तरच तुटते, आणि मामांना तसा कागद कधी मिळालेला नाही ना, ते विचारून घ्या. मामीच्या आजारपणातलं वर्ष आणि लॉकडाऊननंतरचं वर्ष यात बसवता येतं. १ जून २००८ ते ३१ मे २०२१, सरांच्या रीतीनं कॅलेंडरवर मोजलं तर सरळ तेरा वर्षं, भागाकाराची गरजच नाही.

त्याला मिलनं हरकत घेतली तर खालची पायरी वर्षवार २४० ची. तिथे नऊ पक्की. अपघाताचे कामाचे दिवस ४२ भरले की १९८ चे २४० होतात, दोन महिन्यात ते भरायला हवेत, डिस्चार्जच्या कागदावरून तारखा लिहून काढा. आणि दोन भरपगारी सुट्ट्या धरल्या की २३८ चे बरोबर २४०. अशी अकरा.

रोजंदारीवाल्याला रक्कम काढायची रीत : शेवटचा रोजाचा दर गुणिले १५ गुणिले वर्षं. साडेआठ आणि तेरा यात रोजाच्या दराच्या साडेसदुसष्ट पट फरक आहे, म्हणून दिवाणजीच्या त्या कागदावर मामांचा अंगठा किंवा सही घेऊ देऊ नका. मिलमध्ये दहा किंवा जास्त माणसं होती याचा पुरावा म्हणून मस्टरच्या नक्कलेवरचे अनुक्रमांक उपयोगी पडतील.

अर्ज आधी मालकाला द्या आणि पोच घ्या. काम सुटल्यापासून तीस दिवसांत द्यायचा असतो, पण उशीर झाला एवढ्यावरून हक्क जात नाही, उशिराचं कारण अर्जातच लिहा, मामांना हिशोब दिला नव्हता हे कारण खरंच आहे. मालकानं नाकारलं किंवा उत्तरच दिलं नाही तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जायचं. सोबत मस्टरची नक्कल, डिस्चार्ज कागद, आणि पगारपत्रक किंवा बँक पासबुक, त्यात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आठवड्यांचे पैसे अधोरेखित करून.

पांदणवाट (दारव्हा)
पासबुक २०१६ पासूनचं हाय, त्याच्याआधी रोख देत होते. चालन का?

कोर्टाची_पायरी (अकोला)
चालेल. २३८ चं वर्ष २०१७-१८ आहे, ते पासबुकात येतं. अर्जाचा मसुदा मी आज रात्री इथेच टाकतो, नाव-गाव रिकामं ठेवून, म्हणजे जिनिंगवाल्या दादांनाही कामी पडेल.